भाव, दर आणि उचल : कृषि-व्यवसायाच्या विद्यापीठीय परिभाषेचे परीक्षण

एखादा नवा विषय विद्यापीठात शिकवला जाऊ लागतो तेव्हा त्याच्याबरोबर त्याची परिभाषाही येते. ही परिभाषा कोठून आली आणि येताना तिने काय गाळले, याची चौकशी त्या विषयाचे अध्यापक सहसा करीत नाहीत. त्यांच्या दृष्टीने ती साधन असते, अभ्यासाची वस्तू नसते. ‘कृषि-व्यवसाय व्यवस्थापन’ या नावाने महाराष्ट्रात गेली सुमारे तीन दशके जे अध्यापन चालू आहे, त्याच्या बाबतीत ही उपेक्षा विशेष महाग पडली आहे. शेतमालाची किंमत कोण ठरवतो आणि जोखीम कोण उचलतो, हे या विषयाचे दोन मूलभूत प्रश्न होत. बाजारातील मराठीने या प्रश्नांची उत्तरे आपल्या शब्दांत आणि क्रियापदांत साठवून ठेवली आहेत. अभ्यासक्रमाच्या मराठीत ती सापडत नाहीत.

मूळ संकल्पनेपासून आरंभ करणे योग्य होईल. जॉन डेव्हिस या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९५५ मध्ये ‘ॲग्रिबिझनेस’ हा शब्द प्रचारात आणला आणि १९५७ मध्ये रे गोल्डबर्ग यांच्या सहकार्याने हार्वर्डमधून त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. शेताला लागणारी अवजारे, खते, बियाणे यांची निर्मिती व वाटप, प्रत्यक्ष शेतीचे उत्पादन, आणि त्या उत्पादनाची साठवण, प्रक्रिया व विक्री हे सर्व व्यवहार एकच रचना म्हणून पाहावेत, हा या ग्रंथाचा आग्रह. त्यासाठी लेखकांनी लिऑन्टिएफप्रणीत आदान-प्रदान कोष्टकाचा आधार घेतला. ग्रंथाचे श्रेय निर्विवाद आहे. शेती ही एकटी उभी नसते, तिच्या मागे व पुढे कारखान्यांची आणि गोदामांची रांग असते, हे त्याने आकड्यांनी दाखवून दिले. परंतु कोष्टकाची भाषा ही प्रवाहांची भाषा असते. एका विभागातून दुसऱ्या विभागात किती मूल्य गेले हे ते सांगते. ते कोणाच्या शब्दाने गेले हे सांगण्याची सोय त्यात नसते. ज्या देशात शेतकरी संख्येने घटत होता आणि सरकारी कोठारे अतिरिक्त धान्याने भरली होती, तेथे ही उणीव कदाचित फार जाणवली नसेल. दीड-दोन एकरांच्या धारकाचा माल जेथे रोज लिलावाला उभा राहतो, तेथे नेमकी हीच उणीव विषयाच्या मर्मावर येते.

या शब्दाला मराठीत ‘कृषि-व्यवसाय’ हा प्रतिशब्द रूढ झाला. तो व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. अर्थदृष्ट्या मात्र तो मूळ संकल्पनेच्या विरुद्ध दिशेला जातो. मराठीत व्यवसाय म्हणजे उपजीविकेचा उद्योग. अर्जातील ‘व्यवसाय’ या रकान्यापुढे लाखो लोक ‘शेती’ असे लिहितात. तेव्हा ‘कृषि-व्यवसाय’ या समासाचा सरळ अर्थ ‘शेती हा व्यवसाय’ असाच होतो, आणि ज्या संकुचित कल्पनेतून बाहेर पडण्यासाठी डेव्हिस यांनी नवा शब्द घडवला त्याच कल्पनेत वाचक परत येतो. याच्या जोडीला ‘जोडधंदा’ हा शब्द ठेवून पाहावा. दूध, कोंबड्या, रेशीम यांना जोडधंदा म्हणताना मुख्य धंदा शेतीचा, हे गृहीत असते. पश्चिम महाराष्ट्रातील अनेक घरांत महिन्याचा रोख पैसा दुधातून येतो आणि शेत त्या जनावरांच्या चाऱ्यासाठी राबते. तरीही दूध जोडधंदाच राहते. येथे बोलीचा शब्दही वस्तुस्थितीच्या मागे पडला आहे, हे नमूद केले पाहिजे. बाजाराची भाषा प्रत्येक वेळी पुस्तकी भाषेपेक्षा शहाणी असते, असा दावा येथे नाही.

‘उत्पन्न’ या शब्दाची गोष्ट याहून गंभीर आहे. १९६३ च्या महाराष्ट्र कृषि उत्पन्न पणन अधिनियमात आणि ‘कृषि उत्पन्न बाजार समिती’ या नावात उत्पन्न म्हणजे पिकलेला माल. लोकांच्या बोलण्यात उत्पन्न म्हणजे मिळकत. ‘यंदा उत्पन्न चांगले आले’ या वाक्यात पोती मोजली जात आहेत की रुपये, हे संदर्भावाचून कळत नाही. भाषेतील अनेकार्थता हा दोष नव्हे. परंतु ज्या शास्त्राचा मुख्य प्रश्नच ‘माल वाढूनही मिळकत का वाढत नाही’ हा आहे, त्या शास्त्राने या दोहोंसाठी एकच शब्द चालू द्यावा, हे आश्चर्य होय. शेतकऱ्यांचे उत्पन्न २०२२ पर्यंत दुप्पट करण्याचे उद्दिष्ट केंद्र शासनाने २०१६ मध्ये जाहीर केले, तेव्हा मराठी ऐकणाऱ्याच्या मनात दोन्ही अर्थ एकदम जागे झाले असतील. पाठ्यपुस्तकांत मिळकतीसाठी ‘उत्पन्न’ आणि मालासाठी ‘उत्पादन’ अशी विभागणी केलेली आढळते. पण बाजार समितीच्या नावाजवळ येताच ती कोसळते, आणि विद्यार्थ्याला हे का घडते ते कोणी सांगत नाही.

याचे एक कारण अध्यापनाच्या माध्यमात आहे. राहुरीचे कृषि-विद्यापीठ १९६८ मध्ये, अकोल्याचे १९६९ मध्ये आणि दापोली व परभणी येथील विद्यापीठे १९७२ मध्ये स्थापन झाली. पदवीचे शिक्षण इंग्रजीतून राहिले. मराठीतून शेतीचे शिक्षण देण्याचे काम पदविकेच्या शाळांकडे आणि पुढे १९८९ मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाकडे आले. परिणामी इंग्रजीत विचार करून मराठीत उतरवण्याचा क्रम पडून गेला. भाषा संचालनालयाने १९६० नंतर परिभाषेचे जे कार्य केले ते आवश्यक होते, आणि ‘पणन’सारखा आटोपशीर शब्द त्याच प्रशासकीय मराठीने रुळवला. तरी पणन हा शब्द कचेरीच्या पाटीवर राहिला. माल घेऊन निघालेला मनुष्य ‘मार्केटला’ किंवा मराठवाड्यात ‘मोंढ्यात’ जातो.

दुसरे कारण असे की या विषयाचा मराठीतील पूर्वेतिहास अभ्यासक्रमात गणलाच जात नाही. जोतीराव फुले यांचा १८८३ मधील ‘शेतकऱ्याचा असूद’ हा ग्रंथ समाजसुधारणेच्या आणि साहित्याच्या वर्गात वाचला जातो. शहरात विकायला आणलेल्या भाजीपाल्यावर जकात आणि दलाली कशी बसते व शेवटी शेतकऱ्याच्या हाती काय उरते, याचा हिशेब त्यात मांडलेला आहे, ही गोष्ट कृषि-अर्थशास्त्राच्या वर्गापर्यंत पोचत नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ मधील ‘गावगाडा’ची स्थिती हीच. या दोन्ही ग्रंथांतील विवेचन आजच्या कसोट्यांना सर्वत्र उतरेल असे नाही. पण दोघांच्याही वाक्यांत कर्ता हजर असतो. कोण घेतो, कोण कापतो, कोण देतो हे त्यांना सांगावे लागते, कारण त्यांची भाषा प्रवाहांची नाही, माणसांची आहे.

आता मुख्य मुद्दा. इंग्रजीतील एका शब्दासाठी मराठीत भाव, दर, किंमत, मोल, मूल्य असे निदान पाच शब्द आहेत. परिभाषाकारांनी त्यांतून ‘किंमत’ आणि ‘मूल्य’ उचलले व ‘भाव’ आणि ‘दर’ हे बोलीतील पर्याय समजून बाजूस ठेवले. वस्तुतः हे पर्याय नव्हेत. कांद्याचा, कापसाचा, सोयाबीनचा, हळदीचा ‘भाव’ असतो. उसाचा आणि दुधाचा ‘दर’ असतो. वृत्तपत्रांनी अलीकडे हा भेद पुष्कळ पुसट केला आहे; तथापि शेतकऱ्यांच्या बोलण्यात तो बऱ्याच अंशी टिकून आहे. भाव फुटतो, चढतो, उतरतो, पडतो. भाव केला जातो. दर मात्र ठरतो, जाहीर होतो, दिला जातो. पहिल्या मालिकेत अनेकांच्या बोलीतून घडणारी आणि म्हणून कोणा एकाच्या हाती नसलेली घटना दिसते. दुसरीत निर्णय घेणारा एक पक्ष दिसतो. आणि वस्तुस्थितीही तशीच आहे. लासलगावच्या आवारात ट्रॅक्टर-ट्रॉलीतील कांद्यावर व्यापाऱ्यांची बोली होते. साखर कारखाना आणि दूध संघ आपला आकडा सांगतात. बहुतांचा लिलाव आणि एकाची खरेदी हा बाजाररचनेतील भेद समजावण्यासाठी अर्थशास्त्राच्या पुस्तकाला एक प्रकरण खर्ची घालावे लागते. मराठी शेतकरी तो दोन अक्षरी शब्दांच्या निवडीत व्यक्त करतो.

या भेदाच्या आणखी आत गेले तर असे दिसते की ‘दर’ जेथे असतो तेथे मोजमापही घेणाऱ्याच्या हाती असते. दुधाचा दर फॅट आणि एसएनएफ यांवर, उसाचा दर साखरेच्या उताऱ्यावर. यंत्र संकलन केंद्राचे, प्रयोगशाळा कारखान्याची, वजनकाटा कारखान्याचा. म्हणून दराच्या जगात शेतकऱ्याच्या तक्रारीचे शब्दही मोजमापाचे असतात : ‘फॅट लागली नाही’, ‘काटा मारला’. भावाच्या जगातील तक्रार निराळी : ‘आवक वाढली’, ‘माल उचलला नाही’. हे दोन तक्रारकोश शेजारी मांडले तर दोन प्रकारच्या बाजारांतील जोखमीचे वर्णन आपोआप तयार होते. कोणत्याही अभ्यासक्रमाच्या मराठी टिपणांत ‘किंमत-निर्धारण’ या शीर्षकाखाली हे दोन्ही एकाच परिच्छेदात कोंबलेले सापडतात.

वाक्यरचनाही तितकीच बोलकी आहे. ‘व्यापाऱ्याने माल घेतला’ या वाक्यात व्यापारी कर्ता आहे. ‘शेतकऱ्याला भाव मिळाला’ या वाक्यात शेतकरी चतुर्थीत आहे आणि क्रियापद भावाशी जुळते. मराठीत मिळणे, लागणे, आवडणे अशा क्रियापदांचा अनुभवकर्ता चतुर्थीतच येतो, त्यामुळे यात कोणाचा कट शोधण्याचे कारण नाही. लक्षात घेण्याची गोष्ट एवढीच की विक्रीच्या वर्णनात विकणाऱ्याला प्रायः हीच जागा मिळते. ‘मी या भावाने विकले’ यापेक्षा ‘मला हा भाव मिळाला’ हेच स्वाभाविक वाटते. जो आपल्या मालाची किंमत सांगत नाही, विचारतो, त्याचे हे व्याकरण आहे.

आणि याच व्याकरणात प्रतिकाराचीही सोय आहे. पडणे या अकर्मक धातूपासून पाडणे हा प्रयोजक धातू मराठीत सहज होतो. ‘भाव पडला’ म्हटले की पावसासारखी घटना; ‘भाव पाडला’ म्हटले की कोणी पाडला हा प्रश्न लगेच उभा राहतो. नाशिक जिल्ह्यातील १९८० च्या कांदा-ऊस आंदोलनातून शरद जोशी आणि शेतकरी संघटना यांनी जो विचार पुढे आणला, त्याचे भाषिक सार एका स्वराच्या दीर्घत्वात सामावते असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. जोशी यांच्या अर्थकारणाशी मतभेद असू शकतात, आणि आहेत. परंतु डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली व ती मे २०२४ मध्ये उठवली गेली, या मधल्या काळातील भावाचे वर्णन ‘पडला’ या क्रियापदाने करावे की ‘पाडला’ या, हा केवळ आंदोलनाचा प्रश्न नव्हे. तो कार्यकारणाचा, म्हणजे शास्त्राचा प्रश्न आहे. पाठ्यपुस्तकातील ‘किमतींमधील चढउतार’ हा नामसमूह या प्रश्नाला जागाच ठेवत नाही. क्रियापदाचे नाम झाले की कर्ता गळून पडतो, ही गोष्ट भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना नव्याने सांगण्याची गरज नाही.

उलट दिशेचा भ्रम ‘हमीभाव’ या शब्दाने निर्माण केला आहे, आणि तो लोकभाषेतून आला आहे. केंद्र शासन जाहीर करते ती ‘किमान आधारभूत किंमत’. तिची शिफारस करणारी संस्था १९६५ मध्ये स्थापन झाली. आज तिचे नाव कृषी खर्च व मूल्य आयोग असे आहे. एकाच आकड्याला आयोग मूल्य म्हणतो, शासन किंमत म्हणते आणि शेतकरी भाव म्हणतो. हा आकडा जाहीर झाल्याने खुल्या बाजारातील कोणत्याही व्यापाऱ्यावर त्या किमतीने घेण्याचे सर्वसाधारण कायदेशीर बंधन पडत नाही; सरकारी खरेदी जेथे आणि जितकी होते तेथे व तेवढाच आधार मिळतो. कांद्याला तर हा आकडाच लागू नाही. तरीही मराठीत तो ‘हमी’ झाला आणि वर ‘भाव’ही झाला, म्हणजे जो दर आहे त्याला भावाचे नाव आणि ज्याची शाश्वती नाही त्याला शाश्वतीचे विशेषण. विद्यापीठाने येथे आग्रहाने ‘आधार किंमत’ म्हणावे आणि दोन शब्दांतील अंतर हाच पाठ म्हणून शिकवावा.

साखरेच्या क्षेत्रात मात्र कायद्याची भाषा लोकभाषेच्या पुढे आहे आणि लोकभाषा शेतकऱ्याच्या हिताविरुद्ध उभी आहे. ऊस नियंत्रण आदेशात २००९ मध्ये दुरुस्ती होऊन ‘रास्त व किफायतशीर दर’ आला. ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत हा दर देणे कारखान्यावर बंधनकारक आहे. म्हणजे ते कारखान्याचे देणे आहे. परंतु हंगामाच्या तोंडावर सर्व चर्चा चालते ती ‘पहिली उचल’ किती, याची. उचल म्हणजे अग्रिम, पुढे फेडायची रक्कम. आपल्याच उसाचे कायद्याने देय झालेले पैसे शेतकरी उचल म्हणून मागतो आणि कारखाना उचल म्हणून देतो. हप्त्याहप्त्याने अंतिम दर देण्याच्या जुन्या सहकारी पद्धतीतून हा शब्द आला असावा. पद्धतीचे कायदेशीर रूप बदलले, शब्द राहिला, आणि शब्दाबरोबर उपकाराची छटाही राहिली.

हाच शब्द त्याच उसाच्या दुसऱ्या टोकाला खऱ्या अर्थाने नांदतो. बीडसारख्या जिल्ह्यांतून पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जाणारे ऊसतोड मजूर हंगामापूर्वी मुकादमाकडून उचल घेतात, आणि ती तोडणी करून फेडतात. या व्यवहारात मोजण्याचे एकक ‘कोयता’ आहे. एक कोयता म्हणजे बहुधा नवरा-बायकोचे जोडपे. एकटा माणूस अर्धा कोयता. उचल जोडप्याच्या नावे, ती घेणारा पुरुष, आणि मोळी डोक्यावर वाहणारी स्त्री हत्याराच्या नावात विरून गेलेली. अभ्यासक्रमात हे सर्व ‘तोडणी व वाहतूक खर्च’ या एका ओळीत येते, आणि ती ओळ शेतकऱ्याच्या दरातून वजा होते. लक्षणेचे इतके निर्दय उदाहरण अलंकारशास्त्राच्या वर्गात दाखवले जात नाही. मूल्यसाखळीच्या वर्गात दाखवण्याला प्रत्यवाय नसावा.

यावर एक आक्षेप घेतला जाईल. हा विषय आंतरराष्ट्रीय आहे, विद्यार्थ्याला बँकेत, निर्यातगृहात, प्रक्रिया उद्योगात काम करायचे आहे. तेथे भाव आणि दर यांचा भेद त्याच्या कोणत्या उपयोगाचा? आक्षेपात तथ्य आहे. विद्यार्थ्याला इंग्रजी परिभाषा यावी, याबद्दल वाद नाही. परंतु तीच बँक शेतकरी उत्पादक कंपनीला कर्ज देते तेव्हा तिच्या अधिकाऱ्याला त्या कंपनीच्या संचालकांशी मराठीतच बोलावे लागते, आणि संचालक ज्या शब्दांत आपली जोखीम सांगतात ते शब्द त्याने विद्यापीठात अशुद्ध म्हणून विसरलेले असतात. बहुतेक विद्यार्थी शेतकऱ्यांच्याच घरचे असतात. घरी ऐकलेली भाषा ही अज्ञानाची भाषा होय, अशी समजूत करून घेऊन ते वर्गाबाहेर पडले, तर त्यांच्या शिक्षणाने त्यांच्याकडील एक माहितीसाठा कायमचा बंद केला असे होईल.

मात्र बाजाराच्या शब्दांना सोज्ज्वळ समजण्याचेही कारण नाही. रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवण्याची जी ‘हत्ता’ पद्धत होती, तिच्यात उघड शब्दच नव्हता; माल ज्याचा त्याला सौदा संपल्यावरच आकडा कळे. वऱ्हाडातील कापूस व धान्य बाजारांसाठी १८९७ मध्ये झालेला कायदा, शेतीविषयक रॉयल कमिशनच्या १९२८ च्या शिफारशी, १९३९ चा मुंबई प्रांताचा कायदा आणि शेवटी १९६३ चा अधिनियम, या सर्वांचा एक हेतू हाच होता की भाव मोठ्याने बोलला जावा. अडत, हमाली, तोलाई, वाराई, कडता हे शब्द सेवेची नावे आहेत तशीच कपातीचीही. यांपैकी फळे व भाजीपाल्यावरील अडत जुलै २०१६ पासून शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचे ठरले. एका शब्दाचा भार देणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे सरकवण्यासाठी अध्यादेश काढावा लागला. तो भार पुढे भावातच वळता झाला की नाही, हा संशोधनाचा विषय होऊ शकतो, आणि त्याची साधने आडत्यांच्या दप्तरात आहेत.

ती साधने म्हणजे पट्ट्या. माल विकला गेल्यावर शेतकऱ्याच्या हाती जो कागद पडतो ती पट्टी : वर नाव व गाव, मग मालाची जात, नग किंवा वजन, भाव, एकूण रक्कम, खाली कपातींची उतरंड आणि शेवटी निव्वळ आकडा. त्यातील निम्मे शब्द आद्याक्षरांनी लिहिलेले, काही हाताने खोडलेले असतात. कांद्याची पट्टी असेल तर एकाच शेतकऱ्याच्या नावावर उन्हाळ, गोल्टी आणि खाद असे तीन भाव तीन ओळींत दिसतील. हेच प्रतवारी या प्रकरणाचे मूळ संहितारूप होय. एखाद्या घराने दहा-बारा वर्षांच्या पट्ट्या जपून ठेवलेल्या असतात. कपातीचे कोणते शब्द केव्हा आले, कोणते केव्हा गेले आणि कोणते नाव बदलून परत आले, हे त्या गठ्ठ्यातून वर्षवार लावता येते. असा एक गठ्ठा पदव्युत्तर वर्गात संहिता म्हणून वाचायला ठेवला, तर अर्थशास्त्राचा अध्यापक आणि मराठीचा अध्यापक यांना एकाच टेबलावर बसावे लागेल. आजच्या विभागरचनेत त्यासाठी तासिका कोणाच्या नावे टाकायची, हे अद्याप ठरलेले नाही.